काढा प्या आणि गप्प बसा

गेल्या रमजानमधली गोष्ट. रविवार होता, घरातले सगळे पुरुष घरीच होते. माझी भाची अकरावीत शिकते. तिची पाळी आली होती, म्हणजे रोजा नव्हता. पण रोजा नाही हे अब्बांना आणि दोन भावांना कळता कामा नये, म्हणून ती सहरीला सगळ्यांबरोबर उठली, सगळ्यांबरोबर जेवली आणि दिवसभर रोजेदारासारखी वावरली. सहरीला तिच्या आईने, म्हणजे माझ्या आपाने, तिला ओवा, सुंठ आणि गुळाचा काढा दिला होता. बारा वाजेपर्यंत कळा असह्य झाल्या. गोळी घरात होती. पण गोळीसाठी पाणी प्यायला हवे, आणि रिकाम्या पोटी घ्यायची नाही म्हणून आधी दोन घास खायला हवेत. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये नुसता पडदा. पोरगी न्हाणीघरात गेली आणि तिथेच चक्कर येऊन पडली. कपाळाला तीन टाके घालावे लागले.

दवाखान्यातून परत आल्यावर आपा मला म्हणाली, "काढा तो दी थी मैं. इस बार कैसे लगा नै क्या मालूम."

आपाच्या त्या वाक्यासाठी हा लेख आहे. मुलगी पडली, रक्त आले, टाके पडले, आणि तरी प्रश्न एवढाच की काढा का लागू पडला नाही. तिला घोटभर पाणी पिता का आले नाही, हा प्रश्न आमच्या घरात कुणालाच पडला नाही. खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही पडला नाही. तो दोन दिवसांनी पडला.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, माझे काढ्याशी वैर नाही. आमच्या नानीच्या हातचा सुंठीचा काढा मी अजूनही पिते, सर्दीला आणि कधी कधी नुसता आवडतो म्हणून. पाळीच्या दुखण्यातही घरगुती उपायांना काही जागा आहे. गर्भाशयाच्या अस्तरात पाळीच्या वेळी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात, त्यांचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि कळा येतात. ज्या मुलींत ही द्रव्ये जास्त तयार होतात त्यांना जास्त दुखते. उलटी, जुलाब, डोकेदुखी हेही बरेचदा त्यांचेच काम. ओटीपोटावर शेक घेतला की आराम पडतो. हे नुसते आजीबाईंचे म्हणणे नाही, ते तपासून पाहिलेले आहे. आल्याबद्दलही अभ्यास झाले आहेत. इराणमध्ये दीडशे विद्यार्थिनींवर झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात आल्याच्या पुडीच्या कॅप्सूल, आयब्युप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड यांचा परिणाम जवळपास सारखा दिसला. आल्याचे कौतुक करणारे सगळे व्हिडिओ याच आणि अशाच अभ्यासांवर उभे आहेत.

पण त्या मुलींनी आले कसे घेतले होते ते व्हिडिओत कुणी सांगत नाही. मोजलेली मात्रा, दिवसातून चार वेळा, पाळी सुरू झाल्यापासून तीन दिवस. पहाटे चारला अर्धा ग्लास काढा आणि मग संध्याकाळी मगरिबपर्यंत काही नाही, असे नव्हे. शिवाय त्या अभ्यासात औषध नसलेल्या कॅप्सूलचा गटच नव्हता. असे बरेच अभ्यास एकत्र करून कोक्रेनच्या तज्ज्ञांनी २०१६ साली आढावा घेतला. २७ चाचण्या, तीन हजारांवर स्त्रिया. निष्कर्ष असा की आले आणि मेथी यांचा थोडाफार उपयोग होत असावा, पण भक्कम पुरावा कशाचाच नाही. याच संस्थेने वेदनाशामक गोळ्यांचा आढावा २०१५ साली घेतला होता, त्यात ८० चाचण्या आणि ५,८२० स्त्रिया होत्या. औषध नसलेली गोळी घेतलेल्या शंभरातल्या अठराजणींना बरा आराम पडला, तर खरी गोळी घेतलेल्या शंभरातल्या पंचेचाळीस ते त्रेपन्नजणींना. हा आकडा मी मुद्दाम पूर्ण देते आहे, कारण तो गोळीचीही मर्यादा सांगतो. जवळपास निम्म्या जणींचे गोळीनेही पुरेसे भागत नाही. त्यांना पुढची तपासणी, पुढचा उपचार लागतो. आणि आमच्याकडे तर गोळीपर्यंतच कुणी पोचू देत नाही.

आता माझा खरा मुद्दा. आमच्या घरांत काढा इतका प्रिय का आहे? तो स्वस्त आहे, घरात सापडतो, आजीने सांगितला आहे, ही सगळी कारणे खरी. पण सर्वांत मोठे कारण वेगळे आहे. काढा कुणालाही न विचारता करता येतो. दवाखान्यात जायचे तर पैसे मागावे लागतात, कारण सांगावे लागते, रिक्षाने जावे लागते, सोबत कुणी तरी लागते, आणि बिनलग्नाची मुलगी बायकांच्या डॉक्टरकडे का गेली हे मोहल्ल्यात चौघींना समजावून सांगावे लागते. काढ्याला यातले काही लागत नाही. आई उकळते, मुलगी पिते, पुरुषांना पत्ता लागत नाही. घरातल्या बायकांना परवानगीशिवाय करता येण्यासारखा तो एकच इलाज आहे. म्हणून त्याच्यावर एवढी श्रद्धा. दुसरे दार बंद असेल तर खिडकीचीच तारीफ करावी लागते.

त्यामुळे "काढा की गोळी" या वादात मला रस नाही. शहरातल्या मैत्रिणी हा वाद ॲलोपथी विरुद्ध आयुर्वेद-युनानी असा घालतात आणि त्यात दोन्हीकडून बरेच ज्ञान दिले जाते. आमच्या घरात वाद वेगळाच आहे. मुलीला दुखते ही गोष्ट घरात मोठ्याने बोलायची की नाही, एवढाच.

माझे स्वतःचे सांगते. चौदाव्या वर्षापासून मला पाळीत इतके दुखायचे की शाळेचे दोन दिवस दर महिन्याला बुडायचे. अम्मी काढा द्यायची, खाला कलौंजीचे तेल पाठवायची, फुफीने एकदा कुठल्याशा हकिमाची काळी पुडी आणली होती. ती मी तीन महिने घेतली. तिच्यात काय होते हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. कॉलेजात असताना हट्ट करून एका डॉक्टरकडे गेले. त्यांनी पोटाला हातसुद्धा न लावता हसत सांगितले, लग्न झाले की थांबेल. लग्न झाले. थांबले नाही. सत्ताविसाव्या वर्षी पहिल्यांदा कुणी तरी माझी सोनोग्राफी केली आणि अंडाशयात चॉकलेट सिस्ट सापडली. एंडोमेट्रिओसिस. तीसुद्धा दुखते म्हणून केली नव्हती. मूल होत नव्हते म्हणून केली. तेरा वर्षे माझ्या दुखण्यासाठी ज्या घराकडे रिक्षाचे भाडे नव्हते, त्याच घराकडे मूल होत नाही म्हटल्यावर पुण्याला जाऊन राहायचे पैसे निघाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पुनरुत्पादनाच्या वयातल्या साधारण दहा टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस असतो. म्हणजे चाळीस मुलींच्या वर्गात मोठेपणी चारजणी. हा आजार मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही, पण लवकर लक्षात आला तर वेदना आटोक्यात ठेवता येते. काढा पिऊन तो वाढला असे मी म्हणत नाही. काढा पिऊन आम्ही तेरा वर्षे वाट पाहिली, हे म्हणते.

आता बाजाराकडे वळू. आपल्या बायकांच्या ग्रुपवर रोज एखादा व्हिडिओ येतो. मागे हळू आवाजात नात, पुढे हिजाबमधली बाई किंवा दाढीवाले हकीम, आणि हातात बाटली. कलौंजी, अंजीर, शहद, सोनामुखी. "तिब्बे नबवी" असा शिक्का मारला की बाटलीची किंमत तिप्पट होते आणि प्रश्न विचारणारी बाई ईमानात कमी ठरते. कलौंजीबद्दलची हदीस सर्वांना माहीत आहे. पण त्याच रसूलुल्लाहांनी इलाज करा, प्रत्येक आजाराला अल्लाहने दवा ठेवली आहे, अशा अर्थाचेही सांगितले आहे. ते बाटलीवर छापत नाहीत, कारण त्याने बाटली विकली जात नाही.

बाटलीवाल्यांनी एक कायदाही वाचावा. औषधे आणि जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. त्याच्या तिसऱ्या कलमात, स्त्रियांच्या पाळीच्या तक्रारी दुरुस्त करण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीला स्पष्ट मनाई आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या लोकसभेला कळले होते की लाजेमुळे डॉक्टरकडे न जाणारी बाई ही भोंदूची हक्काची गिऱ्हाईक असते. हा नियम हकिमाला लागू आहे, वैद्याला आहे आणि टीव्हीवर दिसणाऱ्या बाबांनाही आहे. पुडी म्हणजे "फक्त जडीबुटी" असे समजणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी अमेरिकेतल्या संशोधकांनी केली होती, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे वीस टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. घरातला ओवा आणि बाजारातली नाव नसलेली पुडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि दोन्ही एकाच श्रद्धेने घशाखाली उतरतात.

गोळीबद्दलची भीती मात्र कुणी विकत आणावी लागत नाही, ती फुकट मिळते. गोळी गरम पडते. गोळीने गर्भाशय सुकते. गोळीची सवय लागते, पुढे मूल होत नाही. यातले शेवटचे वाक्य ऐकले की कुठलीही आई गोळी कचऱ्यात टाकेल. पाळीच्या दोन-तीन दिवसांत घेतलेल्या वेदनाशामक गोळीने वंध्यत्व येत नाही, आणि तिची नशेसारखी सवयही लागत नाही. तिचे खरे धोके वेगळे आहेत: रिकाम्या पोटी घेतली तर पोटात जळजळ, अल्सर असेल तर रक्तस्राव, दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्रास. म्हणून ती डॉक्टरला विचारून घ्यायची, खाऊन घ्यायची, आणि कळा सुरू होताच घ्यायची. असह्य होईपर्यंत वाट पाहून घेतली तर उपयोग कमी होतो, आणि आमच्या मुली नेमके तेच करतात.

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधकोश आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल एक सूचना काढली. क्वचित काहीजणांना त्याने ड्रेस सिंड्रोम नावाची गंभीर ॲलर्जी होऊ शकते. अंगावर पुरळ, ताप असे काही दिसले तर लक्ष ठेवा आणि कळवा, असा तिचा आशय होता. औषधावर बंदी घातली नव्हती. पण आमच्या ग्रुपवर ती सूचना येईपर्यंत "सरकारने पाळीच्या गोळीला जहर ठरवले" अशी झाली होती, आणि खाली कलौंजीच्या तेलाचा नंबर.

दीनच्या नावाने लाज शिकवणाऱ्यांना मला काही विचारायचे आहे. कुरआनने पाळीचा उल्लेख करताना तिला त्रास म्हटले आहे, सूरह बकराची २२२ वी आयत उघडून पाहा. हदीसमध्ये अन्सारी बायका हैज आणि गुस्लबद्दल भर मदिन्यात थेट रसूलुल्लाहांना विचारताना दिसतात, आणि हजरत आयेशा त्यांची तारीफ करतात की लाजेने त्यांना दीन शिकण्यापासून अडवले नाही. फातिमा बिन्त अबी हुबैश यांनी रक्त थांबतच नाही अशी तक्रार मांडली, तेव्हा त्यांना गप्प बसवले गेले नाही. हा हैज नव्हे, हे वेगळे आहे, असे समजावून सांगितले गेले. चौदाशे वर्षांपूर्वी जे विचारता येत होते ते २१ व्या शतकात सांगली-मिरजेच्या घरात, नुसत्या एका पडद्याआडून, अब्बांना सांगता येत नाही.

आणि दिवस मोजायला तर आम्हाला कुणी शिकवायची गरजच नाही. हनफी घरातल्या मुलीला ठाऊक असते की हैज जास्तीत जास्त दहा दिवसांचा, कोकणातल्या शाफई घरातल्या मुलीला ठाऊक असते की पंधरा. त्यापुढचे रक्त इस्तिहाजा, त्यात नमाज माफ नाही. पिढ्यान् पिढ्या बायका 'बहिश्ती जेवर' वाचून हा हिशोब पाठ करत आल्या. किती रोजे कजा झाले, गुस्ल कुठल्या दिवशी, सगळे बोटांवर. मग त्याच हिशोबात आणखी चार गोष्टी का लिहू नयेत? किती दुखले, शाळा बुडली का, तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागले का, रक्त सात दिवसांहून जास्त गेले का. दुखणे दर वर्षी वाढत असेल, पाळी नसतानाही ओटीपोटात दुखत असेल, लघवी किंवा शौचाला पाळीच्या दिवसांत कळ येत असेल, गोळी नीट घेऊनही उतार पडत नसेल, तर तो काढ्याचा विषय राहिला नाही. पंधरा वर्षांची मुलगी, पाळी अजून आलीच नाही पण दर महिन्याला पोटात कळा येतात, हीदेखील डॉक्टरकडे नेण्याचीच गोष्ट आहे. रक्त आत साठत असू शकते. नमाजसाठी एवढी बारीक नोंद ठेवणाऱ्या समाजाला मुलीच्या तब्येतीसाठी एक वही ठेवणे जड जाऊ नये.

एक भीती मात्र मी समजू शकते, कारण ती आपाने मला कानात विचारली. बायकांच्या डॉक्टरने तपासले तर मुलीचे "कुँवारापन" जाईल का? नाही जात. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरून करतात, भरपूर पाणी पिऊन, लघवी भरलेली असताना. आतून तपासणी करत नाहीत. बहुतेक वेळा पहिल्या भेटीत तर नुसते प्रश्न विचारतात. ही एक ओळ कुणी जुम्म्याच्या बयानात सांगितली तर किती पोरींची वर्षे वाचतील. पण ती कुणी मौलाना सांगणार नाहीत, म्हणून मी इथे लिहिते.

आपल्या चळवळीतल्या मित्रांशीही माझे भांडण आहे. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बायका मुंबईत मोर्चा घेऊन निघाल्या, हे आपण दर वर्षी अभिमानाने सांगतो. तलाक, पोटगी, बहुपत्नीत्व यांवर आपल्या पुरुष कार्यकर्त्यांनी ढिगाने लिहिले, चांगले लिहिले. पण मागच्या बैठकीत मी पाळीच्या दुखण्यावर मुलींच्या वसतिगृहात बोलूया म्हटले तेव्हा एक ज्येष्ठ मित्र म्हणाले, हा आरोग्य शिबिराचा विषय आहे, समाजसुधारणेचा नाही. त्यांच्या घरात दोन मुली आहेत. त्या रमजानमध्ये पडद्याआड जेवतात की नाही हे त्यांना माहीत नाही, आणि मी विचारल्यावर ते चिडले.

वेदनेकडे लक्ष न देण्याचे दुसरे टोक पाहायचे असेल तर बीडला जा. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ साली गाजल्या, सरकारने समिती नेमली, आणि तेरा हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली आढळली. पाळीचा एक दिवस खाडा झाला तर उचल फिटत नाही, म्हणून दुखण्याचे मूळच कापून टाकायचे. त्या बायकांत सगळ्या जातीधर्मांच्या होत्या. त्यांच्याही घरात आधी काढेच दिले गेले असतील. दुखणे ऐकून घेणारे कुणी नसले की बाईच्या हातात एक तर पेला येतो, नाही तर थेट ऑपरेशनचा कागद. मधले सगळे, साधी तपासणी, साधी गोळी, दोन दिवसांची रजा, गायब. बिहार सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवसांची पाळीची रजा १९९२ पासून दिली आहे. पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने यावर विचार करावा, आणि उर्दू शाळांच्या संस्थाचालकांनी त्याआधी निदान मुलींच्या संडासाला कडी बसवावी.

मला काय हवे ते साधे आहे. रमजानमध्ये घरातल्या पुरुषांनी आपणहून सांगावे की ज्यांचा रोजा नाही त्यांनी स्वयंपाकघरात बसून जेवावे, कुणी काही विचारणार नाही. ज्यांना अल्लाहने सूट दिली आहे त्यांच्याकडून घरातल्यांनी उपासाचे नाटक करून घेऊ नये. मुलींच्या शाळेत गरम पाण्याची पिशवी असावी आणि एक शिक्षिका असावी जिला सांगता येईल. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे, त्यात सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी मोफत सल्ला मिळतो. आपल्या मोहल्ला कमिट्यांनी तिथला वार आणि वेळ मशिदीच्या फळ्यावर लिहावी, मय्यत आणि चंद्याच्या सूचना लिहितात तशी. आणि हा लेख संपादकांनी उर्दू पानांवरही घ्यावा, कारण आमच्या फुफ्या मराठी वाचत नाहीत.

ईदनंतर आपा, मी आणि भाची एका डॉक्टरबाईंकडे गेलो. पैसे भावजींनी दिले. कशासाठी ते आपाने त्यांना पहिल्यांदाच सांगितले, आणि ते फक्त "बरं" म्हणाले. सोनोग्राफीत काही निघाले नाही. हिमोग्लोबिन नऊ निघाले, त्यासाठी लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि जेवणावर लगेच चहा बंद झाला. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांसाठी गोळी लिहून दिली, काही खाऊन, दुखायला लागताच घ्यायची. निघताना आपाने विचारले, काढा दिला तर चालेल का? डॉक्टरबाई म्हणाल्या, द्या की, पण गोळीच्या बदली नको. जिना उतरताना आपा मला म्हणाली, पुढच्या वेळी तू पण तुझा कागद दाखव इनकू, तेरा दुखना अबी बी है ना.